लेखक व्हायचे असेल, तर महाविद्यालयीन शिक्षण खरोखर आवश्यक आहे का?

प्रश्न – कोरे_पान

नमस्कार. माझ्या शालेय शिक्षणाचे शेवटचे वर्ष संपत आले आहे आणि पुढे काय शिकायचे, याचा निर्णय आता फार काळ लांबवता येणार नाही. मला कथा आणि कादंबरी लिहायची आहे. ही तात्पुरती हौस नाही, एवढी खात्री पटण्याइतका काळ मी नियमित लिहीत आलो आहे.

घरच्यांचे म्हणणे असे, की लेखकच व्हायचे असेल तर निदान साहित्याची पदवी घे, नाहीतर तुझे लेखन कोणी हातातही धरणार नाही. ज्या मित्रांशी मी लेखनाबद्दल बोलतो, त्यांचे मत नेमके उलट आहे. लेखक जन्मावा लागतो, महाविद्यालयात गेलेल्या माणसाची भाषा हमखास पुस्तकी होते आणि खरे अनुभव बाहेरच मिळतात, असे ते ठामपणे सांगतात. दोन्ही बाजूंकडे थोरामोठ्यांची उदाहरणे आहेत, त्यामुळे उदाहरणे ऐकून माझा गोंधळ वाढतच चालला आहे.

मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. हस्तलिखित निवडताना प्रकाशक किंवा संपादक पदवी पाहतात का? ग्रंथालयात एकट्याने वाचून जे मिळत नाही, असे महाविद्यालयात काय मिळते? आणि पदवीसाठी लागणारी वर्षे थेट लेखनालाच दिली, तर त्यात लाभ अधिक आहे की धोका? या क्षेत्रात काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद – समासातली_टीप

मी बरीच वर्षे ललित पुस्तकांचे संपादन करत आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. कथा किंवा कादंबरीचे हस्तलिखित हातात आल्यावर मी लेखकाची पदवी पाहत नाही आणि माझे सहकारीही पाहत नाहीत. माहितीपर किंवा वैचारिक पुस्तकाची गोष्ट वेगळी आहे. हृदयविकारावर लिहिणारा माणूस कोण आहे, हे तिथे विचारावेच लागते. ललित लेखनात मात्र पहिली चार-पाच पानेच काय ते सांगतात, आणि तिसऱ्या पानावर संवाद कोसळला, तर सोबतच्या पत्रातील पदव्यांची यादी त्याला सावरू शकत नाही.

पण पदवी लागत नाही, म्हणून शिक्षणही लागत नाही, असा अर्थ कृपया काढू नका. माझ्याकडे येणाऱ्या लेखनातील बहुतेक दोषांचा प्रतिभेशी काही संबंध नसतो. लिहिणाऱ्याला ती गोष्ट कोणी कधी दाखवून दिलेली नसते, एवढेच. एक उदाहरण देतो. नवोदितांच्या कथांमध्ये या धर्तीचे वाक्य वारंवार भेटते: ‘ते पत्र वाचून त्याच्या काळजाचे पाणी पाणी झाले, डोळ्यांत आसवे दाटून आली आणि त्याला सारे आयुष्यच निरर्थक वाटू लागले.’ वाक्यात व्याकरणाची चूक नाही आणि लिहिणाऱ्याची तळमळही खरी असते. अडचण अशी, की भावना ओळीने सांगितल्या गेल्या आणि वाचकाला पाहायला काहीच मिळाले नाही. मी समासात एवढेच लिहितो: ‘मग त्याने काय केले?’ ज्याला हा प्रश्न उमगतो, त्याच्या पुढच्या खर्ड्यात साधारण असे काही येते: ‘त्याने पत्र घडी घालून पुन्हा पाकिटात ठेवले, पाकिटावरचा स्वतःचा पत्ता सावकाश वाचला आणि ते जिथून उचलले होते तिथेच नेऊन ठेवले.’ इतका बदल करायला कोणाला एक टीप पुरते, कोणाला अनेक वर्षे लागतात, आणि काही जण ‘ही माझी शैली आहे’ असे सांगून तिथेच थांबतात. थांबणाऱ्यांत पदवीधर आणि बिनपदवीचे दोन्ही सापडतात.

अर्नेस्ट हेमिंग्वे महाविद्यालयात गेला नाही, हे तुमचे मित्र सांगत असतील, आणि ते खरेच आहे. परंतु १९१७ साली शाळा संपल्यावर तो ‘कॅन्सस सिटी स्टार’ या दैनिकात बातमीदार म्हणून लागला आणि तिथे नवीन माणसाच्या हाती लेखनाची नियमावलीच दिली जात असे. वाक्ये छोटी ठेवा, पहिला परिच्छेद छोटा ठेवा, अशा सूचनांनी ती सुरू होत असे. त्या नियमांचा आपल्याला फार उपयोग झाला, असे त्याने पुढे स्वतः सांगितले. रोज लिहायचे, ते रोज कोणीतरी तपासायचे आणि दुसऱ्या दिवशी ते अनोळखी लोकांनी वाचायचे, हेही शिक्षणच होते. फक्त त्याचे प्रमाणपत्र मिळत नव्हते.

प्रतिसाद – वाचनकक्ष

मी महाविद्यालयात साहित्य शिकवते, त्यामुळे माझे मत एका बाजूला झुकलेले वाटण्याची शक्यता आहे. तरीही दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

एकट्याने वाचणारा माणूस आपल्या आवडीचे वाचतो, आणि आवड जिथे संपते तिथे त्याचे वाचनही संपते. अभ्यासक्रमाचा पहिला लाभ असा, की जे तुम्ही स्वतःहून कधीच उघडले नसते, ते तुम्हाला शेवटपर्यंत वाचावे लागते. माझ्या वर्गात दरवर्षी असे विद्यार्थी असतात, ज्यांना तेराव्या शतकातील महानुभाव गद्याचे नाव ऐकूनच कंटाळा येतो. मग ‘लीळाचरित्रा’तील एखादी लीळा मोठ्याने वाचली जाते आणि वर्ग सावरून बसतो, कारण ती वाक्ये आखूड, बोलती आणि थेट असतात, माणसे येतात, विचारतात, उत्तर मिळवतात, आणि मध्ये निवेदकाची लुडबुड फारशी नसते. शिक्षणाने भाषा पुस्तकी होते, असे जे म्हणतात त्यांना मला हेच दाखवावेसे वाटते, की मराठीतील सर्वांत जुन्या गद्यग्रंथांत बोलीचा जो जिवंतपणा आहे, तो आजच्या तरुण लेखकाला बहुधा कोणीतरी वाचायला लावल्याखेरीज भेटत नाही.

दुसरा लाभ म्हणजे सोबत. एकच कथा तीस जणांनी वाचली आणि त्यांपैकी दहा जणांना नायक भित्रा वाटला, तर दहा जणांना तो शहाणा वाटला, हे समोरासमोर ऐकणे लिहिणाऱ्याच्या फार कामाचे असते. वाचकाच्या मनात मजकूर कसा उमटतो, याचे इतके प्रत्यक्ष दर्शन घरी बसून होत नाही. ज्यांना हे नाकारले गेले, त्यांना त्याची किंमत अधिक कळली होती. व्हर्जिनिया वुल्फ हिने १९२९ साली स्त्रिया आणि ललित लेखन या विषयावर जे प्रदीर्घ निबंधवजा पुस्तक लिहिले, त्यात एका स्त्रीला विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या दारातूनच परत पाठवले जाते, कारण तिच्याबरोबर तिथला अध्यापक नसतो किंवा तिच्याजवळ परिचयपत्र नसते. वुल्फचे भाऊ केंब्रिजला गेले. ती मात्र मुख्यतः घरी, वडिलांच्या ग्रंथसंग्रहावर शिकली आणि मोठी लेखिका झाली. म्हणून दार बंद असल्याने तिचे काही बिघडले नाही, असे म्हणता येत नाही, आणि तिनेही तसे म्हटले नाही.

आता आमच्या शिक्षणाची उणी बाजूही सांगते, कारण ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. साहित्याचा अभ्यासक्रम समीक्षक आणि शिक्षक तयार करण्यासाठी आखलेला असतो. परीक्षेत ‘कवितेतील प्रतिमासृष्टी स्पष्ट करा’ असा प्रश्न येतो. लेखकाने त्या पात्राला खोलीत कसे आणले आणि बाहेर कसे काढले, हे कोणी विचारत नाही. अनेक बुद्धिमान मुले पदवीच्या शेवटी कोणत्याही कथेचे विश्लेषण सफाईने करू शकतात, पण स्वतःचे एक पान लिहिताना प्रत्येक वाक्यावर अदृश्य परीक्षक बसलेला असल्यासारखी अडखळतात. हा धोका खरा आहे. त्यावर मी माझ्या विद्यार्थ्यांना एक साधा उपाय सांगते: नेमलेले प्रत्येक पुस्तक दोनदा वाचा, एकदा परीक्षेसाठी आणि एकदा चोरीच्या नजरेने. या दुसऱ्या वाचनात अर्थ शोधायचा नाही; प्रसंग कुठे सुरू केला, काय गाळले, काळाची उडी कोणत्या शब्दावर मारली, एवढेच टिपून ठेवायचे.

प्रतिसाद – रात्रपाळी

मी महाविद्यालयात गेले नाही. घरची परिस्थिती तशी नव्हती, त्यामुळे तो माझा निर्णय होता असेही म्हणता येणार नाही. गोदामात काम करत मी लिहीत राहिले आणि आता माझे लेखन प्रसिद्ध होते, म्हणून तुमच्या मित्रांच्या बाजूने बोलण्याचा अधिकार मला आहे असे समजायला हरकत नाही. पण त्यांचे म्हणणे मला पटत नाही.

अण्णाभाऊ साठे यांचे शालेय शिक्षण जवळजवळ झालेच नाही आणि त्यांनी मराठीला ‘फकिरा’सारखी कादंबरी दिली. नारायण सुर्वे यांनी गिरणीत काम केले, शाळेत शिपायाची नोकरी केली, पुढे शिक्षक झाले, आणि त्यांच्या १९६६ सालच्या संग्रहाचे नाव ‘माझे विद्यापीठ’ असे आहे. मॅक्सिम गॉर्की विद्यापीठात शिकण्याची आस धरून कझानला गेला, पण त्याच्या वाट्याला बेकरीतील मजुरी आली. त्या वर्षांवरच्या आत्मकथनाला त्यानेही ‘माझी विद्यापीठे’ असेच नाव दिले. ही नावे शिक्षण नाकारण्यासाठी वापरली जातात, याचे मला वाईट वाटते. या माणसांना शिकायला मिळाले नाही, आणि जे मिळाले नाही ते त्यांनी प्रचंड कष्टाने दुसरीकडून मिळवले. ज्याच्यासमोर दार उघडे आहे त्याने त्यांचे नाव घेऊन दाराकडे पाठ फिरवावी, हा त्यांच्या कष्टांचा मान नव्हे.

बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरणही नेहमी दिले जाते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते; त्यांच्या ओव्या इतरांनी उतरवून घेतल्या आणि १९५१ साली त्यांचे निधन झाल्यानंतर पुढच्या वर्षी त्या पुस्तकरूपाने आल्या. परंतु निरक्षर असणे म्हणजे अशिक्षित असणे नव्हे, हे त्या ओव्यांवरूनच समजते. ओवीची लय, यमकाची जागा, एखादे सूत्र मांडून ते दृष्टान्ताने पुढे नेण्याची रीत, हे सारे त्यांना ऐकून-गाऊन, पिढ्यांच्या परंपरेतून मिळालेले होते. काहीही न शिकता लिहिणारा एकही चांगला लेखक माझ्या पाहण्यात नाही. कोण कुठे शिकला, एवढाच फरक असतो.

एकट्याने शिकायचे तर त्याची किंमत काय पडते, तेही सांगते. जुझे सारामागु या पोर्तुगीज लेखकाला घरच्या गरिबीमुळे साधी शाळा सोडून तांत्रिक शाळेत जावे लागले. तो यंत्रदुरुस्तीचे काम शिकला आणि संध्याकाळी लिस्बनच्या सार्वजनिक ग्रंथालयात बसून, कोणाच्याही मार्गदर्शनाविना, हाताला लागेल ते वाचू लागला. त्याची पहिली कादंबरी १९४७ साली आली. खरी कीर्ती मिळाली तेव्हा तो साठीला पोहोचला होता आणि नोबेल पारितोषिक १९९८ साली मिळाले. मी हे कोणाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही, पण मार्गदर्शनाविना चालणाऱ्याला वाट लांब पडते, हे मी रोज अनुभवले आहे. कोणते पुस्तक आधी वाचावे हे सांगणारे कोणी नसते, आपली उणीव आपल्याला दिसत नाही, आणि घरचे लोक प्रेमापोटी सगळेच छान म्हणतात.

माझा उपाय हाताने उतरवून काढण्याचा होता. आवडलेल्या कथेतील एखादे पान वहीत जसेच्या तसे लिहायचे, मग पुस्तक मिटून तोच प्रसंग आठवणीने लिहायचा आणि दोन्ही पाने शेजारी ठेवायची. आपण कुठे विशेषण घुसडले, कुठे लेखकाने गप्प राहून काम केले होते तिथे आपण बोललो, हे इतके स्पष्ट दिसते, की कोणी शिक्षक नसला तरी शिकणे थांबत नाही. ज्यांना महाविद्यालय लाभणार आहे, त्यांनीही हे करून पाहावे.

प्रश्नकर्ता – कोरे_पान

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. शिक्षण हवेच, हे मला पटले आहे, आणि महाविद्यालयात जाण्याची सोय असताना ते टाळण्याचा विचार आता मनात नाही. मात्र त्यातून नवा प्रश्न उभा राहतो. लेखकाने साहित्यच शिकावे का? मला जीवशास्त्रही तितकेच आवडते. शिवाय काही ठिकाणी सर्जनशील लेखनाचे स्वतंत्र अभ्यासक्रम असतात. ते घेतल्याने कादंबरी लिहिता येते का?

प्रतिसाद – दवाखान्यातून

मी वैद्यकीय व्यवसाय करतो आणि कथा लिहितो, म्हणून जीवशास्त्राचा उल्लेख वाचून लिहावेसे वाटले. आवडत असेल तर अवश्य शिका. अंतोन चेखव मॉस्को विद्यापीठातून १८८४ साली डॉक्टर झाला. वैद्यकीय शिक्षण चालू असताना तो नियतकालिकांसाठी छोट्या कथा लिहीत असे आणि त्या मानधनावर घर चालवण्यास हातभार लावत असे. रोग्याकडे पाहताना निवाडा न देता निरीक्षण करण्याची जी सवय डॉक्टरला लागते, ती त्याच्या कथांत पदोपदी जाणवते. अगाथा ख्रिस्ती हिचे शिक्षण बव्हंशी घरीच झाले, पण पहिल्या महायुद्धाच्या काळात तिने रुग्णालयाच्या औषधालयात काम केले, त्यासाठीची परीक्षा दिली, आणि १९२० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या पहिल्याच कादंबरीत विषप्रयोगाचा जो तपशील आहे तो तिथल्या ज्ञानावर उभा आहे. कोणताही विषय मुळातून शिकला, की त्या जगातील शब्द, तिथल्या चिंता आणि तिथली माणसे लेखकाला आपोआप मिळतात. साहित्याचे विद्यार्थी साहित्याच्या विद्यार्थ्यांवरच कथा लिहू लागतात, तेव्हा मला त्यांची काळजी वाटते.

पोटापाण्याचा मुद्दा अजून कोणी स्पष्टपणे काढलेला नाही, तो मी काढतो. बहुतेक लेखकांचे घर केवळ कथा-कादंबऱ्यांवर चालत नाही. कादंबरीला पदवी लागत नसली, तरी अध्यापनाला लागते, वैद्यकीला लागते, आणि अनुवाद, पत्रकारिता, ग्रंथपालन या कामांतही ती बहुतेक ठिकाणी विचारली जाते. पुढची अनेक वर्षे जे काम करून तुम्ही लिहिणार आहात, ते सुसह्य असावे आणि दिवसाचा एखादा तास तरी शिल्लक ठेवणारे असावे, हा विचार करून विषय निवडणे मला अधिक सयुक्तिक वाटते. वैद्यकीय शिक्षणाच्या काही वर्षांत हा एक तासही मिळत नाही, याची मात्र आधीच कल्पना असू द्या.

प्रतिसाद – वाचनकक्ष

डॉक्टरांच्या मताशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, परंतु साहित्याचे विद्यार्थी जगापासून तुटलेले असतात, हे मला मान्य नाही. विंदा करंदीकर अनेक वर्षे इंग्रजीचे अध्यापन करत होते आणि त्यांच्या कवितेत जगाची कमतरता कोणाला भासली आहे?

सर्जनशील लेखनाच्या अभ्यासक्रमांबद्दल थोडे लिहिते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात लेखकांची कार्यशाळा १९३६ साली सुरू झाली. फ्लॅनरी ओकॉनर ही नावाजलेली अमेरिकन कथालेखिका तिथे शिकली. इंग्लंडमधील ईस्ट अँग्लिया विद्यापीठात असाच पदव्युत्तर अभ्यासक्रम १९७० साली सुरू झाला आणि पुढे नोबेल मिळवणारा काझुओ इशिगुरो तिथून बाहेर पडला. तेव्हा अशा ठिकाणी लेखक घडतच नाहीत, हे म्हणणे टिकत नाही. तिथे प्रामुख्याने तीन गोष्टी मिळतात: लिहिण्यासाठी राखून ठेवलेला काळ, ठरलेली मुदत आणि तुमचे लेखन बारकाईने वाचणारी दहा-बारा माणसे. ज्याच्याजवळ सांगण्यासारखे काही जमलेले आहे, त्याला याचा पुरेपूर उपयोग होतो; ज्याच्याजवळ अजून काही नाही, तो तिथे नीटनेटकी आणि एकमेकांसारखी वाक्ये लिहायला शिकतो. म्हणून शाळा संपताच तिकडे धाव घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिष्यवृत्ती मिळत असेल तर पुढे जरूर विचार करावा, पण मोठे कर्ज काढून हा अभ्यासक्रम करू नये, कारण ते फेडण्यासाठी जी नोकरी धरावी लागते, ती अभ्यासक्रमात मिळालेला सगळा वेळ व्याजासकट परत घेते.

प्रतिसाद – समासातली_टीप

आता प्रश्न उरतो तो लेखन बारकाईने वाचणाऱ्या माणसांचा. ती कोणत्याही महाविद्यालयात, कोणताही विषय घेतला तरी जमवता येतात. वेगवेगळ्या विषयांचे चार-पाच जण शोधा; सगळेच लिहिणारे असले पाहिजेत असे नाही, मनापासून वाचणारा एखादा असला तर अधिक चांगले. महिन्यातून एकदा भेटायचे आणि एकाचेच लेखन घ्यायचे, तेही सर्वांनी आधी वाचून आणलेले असावे. ज्याचे लेखन आहे त्याने चर्चा संपेपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही, खुलासा करायचा नाही. कार्यशाळांमधून रूढ असलेला हा नियम कठोर वाटतो, पण प्रसिद्ध झालेल्या कथेसोबत लेखक खुलासा करायला वाचकाच्या घरी जात नाही, हे लक्षात घेतले की तो पटतो. ‘आवडले’ आणि ‘आवडले नाही’ हे दोन्ही शब्द बाजूला ठेवून, प्रत्येकाने कोणत्या ओळीवर आपले लक्ष उडाले आणि कोणत्या ओळीवर ते परत आले, एवढेच पेन्सिलने खूण करून दाखवायचे. त्या खुणा केलेल्या प्रती घरी न्या, दोन दिवस त्यांच्याकडे पाहू नका आणि मग ज्या ओळीवर दोनांहून अधिक जणांची खूण आहे, तिथून पुनर्लेखन सुरू करा.